मदत हवी आहे: कमी व्होल्टेजला पांढरा फॉस्फर (इलेक्ट्रॉन आदळले की उजळणारी पूड) हिरवट का पडतो?

कणाद:
व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्लेसाठी, म्हणजे हवा काढलेल्या काचेत फॉस्फरवर इलेक्ट्रॉन मारून उजळणाऱ्या पडद्यासाठी, पांढरं मिश्रण करतोय. निळ्याला झिंक गॅलेट, हिरव्याला जादा झिंकचं झिंक ऑक्साइड, लालला युरोपियम घातलेलं यिट्रियम ऑक्साइड. ॲनोडवर (फॉस्फर लावलेल्या धन पट्टीवर) ३०० व्होल्टला रंग पांढरा येतो, ५० व्होल्टला मात्र निळसर हिरवा. लालचं प्रमाण वाढवलं, तरी रंग तोच राहतो, उलट एकूण तेज उतरतं. व्होल्टेज वाढवायची सोय नाही.

निर्वात:
लाल वाढवून उपयोग नाही, कारण त्या कणांवर इलेक्ट्रॉन टिकून बसतात. यिट्रियम ऑक्साइड विद्युतरोधक आहे. इतक्या कमी ऊर्जेला एक इलेक्ट्रॉन आत शिरला की सरासरी एकाहून कमी दुय्यम इलेक्ट्रॉन (धक्क्याने कणातून निघणारा) बाहेर पडतो, पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि पुढच्यांना परतवून लावतो. झिंक ऑक्साइड स्वतः वाहक, म्हणून तेवढंच पेटतं.

वाहक असलेल्या इंडियम ऑक्साइडची बारीक पूड, एक मायक्रॉनहून लहान, फक्त लालमध्ये मिसळा. वजनाने ५ टक्क्यांपासून सुरुवात करा, मग १० आणि १५ करून पाहा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकने आधी तिच्या गुठळ्या फोडायच्या, मग फॉस्फर घालून हलकं ढवळायचं. बॉल मिलला (गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्राला) अजिबात लावू नका. ५० व्होल्टचा इलेक्ट्रॉन कणात जेमतेम काही नॅनोमीटर शिरतो आणि दळताना खराब होतो तो नेमका तेवढाच थर. प्रमाण वाढवताना हेही बघा की ही पूड स्वतः उजळत नाही, इलेक्ट्रॉन मात्र खाते. शिवाय पिवळसर असल्याने थोडा निळाही गिळते.

कणाद:
आभारी आहे! लाल कण बदलले तर? सल्फाइड चालेल?

दीपिका:
सल्फाइड नको. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने गंधक सुटतं आणि फिलामेंटवरचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तारेवरचा) ऑक्साइड लेप निकामी होतो. प्रेसिओडिमियम आणि ॲल्युमिनियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटनेट घ्या, प्रकाश साधारण ६१७ नॅनोमीटरला येतो. ॲल्युमिनियम टाळू नका, त्याच्याविना लाल फारच फिकं पडतं.

झिंक गॅलेटही तपासा. वाहकता यावी म्हणून ते हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये भाजतात, पण जास्त वेळ भाजलं तर उत्सर्जन ३६० नॅनोमीटरकडे, म्हणजे अतिनीलमध्ये सरकतं आणि निळा हरवतो. फॉस्फर लावायच्या पेस्टमधलं इथाइल सेल्युलोज (पूड धरून ठेवणारा पदार्थ) हवेत ४५० अंशांच्या आसपास जाळून काढा. झिंक ऑक्साइड असताना याहून फार वर नेऊ नका, जादा झिंक ऑक्सिडाइज होऊन हिरवाही विझेल.

निर्वात:
दोष नक्की भाराचाच आहे का, हे आधी ठरवा. ॲनोडला छोटे पल्स देऊन मधली विश्रांती वाढवत जा. पल्सच्या सुरुवातीला लाल दिसून लगेच मावळत असेल, तर भारच. विश्रांती कितीही दिली तरी लाल उगवतच नसेल, तर कणांचा पृष्ठभागच मेलाय. मग इंडियम घालून काही होणार नाही, पूडच बदला.