माटोळीतल्या फळांनी उघडणारं चोरदार: सर्किट भिंतीत कसं मावेल?

केरीकार

नमस्कार. माईनक्राफ्टमध्ये, जावा एडिशन १.२१ वर, मी आमचं गोव्यातल्या सत्तरीतलं जुनं घर बांधतेय. भिंती चिऱ्यांच्या वाटाव्यात म्हणून ग्रॅनाइट आणि तपकिरी टेराकोटा मिसळून घेतलाय. राजांगण झालं, तुळस झाली. आता चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, खोली चाललीय.

गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधली. कांगलां, घागऱ्यो, कवंडळां ही माटोळीतली फळं खेळात मिळत नाहीत, म्हणून आयटम फ्रेममध्ये (वस्तू लावायच्या चौकटीत) चिबडाच्या जागी कलिंगडाची फोड, सुपारीच्या जागी कोको बीन्स आणि थोड्या ग्लो बेरी लावल्यात. माझ्या मनात असं आहे की यातली तीन फळं ठरावीक दिशेला फिरवली की मखरामागची भिंत सरकावी आणि आत आजीची कोठीची खोली दिसावी. चवथीला सगळी भावंडं जमतात, त्यांना ती शोधायला लावायची आहे.

दोन ठिकाणी अडलंय. छताच्या फ्रेमला कंपॅरेटर (मागच्या वस्तूची स्थिती आकड्यात वाचणारा भाग) लावला तर काहीच सिग्नल येत नाही, पेटीला लावला तर येतो. आणि सिग्नल आला तरी फळाच्या ठरलेल्या दिशेचा नेमका ५ कसा ओळखायचा? ६, ७, ८ लाही डस्ट (रेडस्टोनची भुकटी, खेळातली तार) पेटणारच ना? व्हिडिओंत दाखवतात ती सर्किटं माझ्या भिंतीत मावत नाहीत.

वायरमास्तर, फोंडा

छताला लावलेली फ्रेम कंपॅरेटर वाचतच नाही, त्यामुळे तुझी जोडणी पुन्हापुन्हा तपासू नकोस. फ्रेम उभ्या भिंतीवर हवी, तिच्या मागे एक भरीव ठोकळा, त्या ठोकळ्याच्या पाठीला कंपॅरेटर, तिन्ही एका रांगेत. काचेचा ठोकळा चालत नाही. छतावरची फळं शोभेला राहू देत. कुलपाची तीन फळं भिंतीच्या सगळ्यांत वरच्या थराला, माटोळीच्या पट्टीला लागून लाव. खालून बघणाऱ्याला ती माटोळीतलीच वाटतील.

फळ ठेवलं की फ्रेमकडून १ मिळतो, दर क्लिकला एक वाढत ८ पर्यंत, मग परत १. तीन फळांच्या ५१२ जुळण्या होतात. भावंडांना पुरे.

आता नेमक्या ५ बद्दल. डस्टमधला जोर दर ठोकळ्याला एकाने उतरतो. कंपॅरेटरने ५ दिला तर पाचवी डस्ट पेटते, सहावी पेटत नाही. तेव्हा पाचवी पेटलेली आणि सहावी विझलेली, एवढंच तपासायचं आहे. इथे बहुतेक जण प्रत्येक फळाचा एक ‘बरोबर’ असा सिग्नल तयार करतात आणि तिन्ही अँड गेटने (सगळे सिग्नल आले तरच पेटणाऱ्या जोडणीने) जोडायला बसतात. तिथेच सर्किट फुगतं.

तू उलट्या बाजूने ये. प्रत्येक फळाकडून फक्त ‘चूक’ मागव. फळ चुकलेलं कधी? पाचवी डस्ट विझलेली असेल तेव्हा, नाहीतर सहावी पेटलेली असेल तेव्हा. पाचव्या डस्टच्या बाजूला रिपीटर (सिग्नल पुन्हा पूर्ण जोराने पुढे देणारा भाग), रिपीटरपुढे ठोकळा, ठोकळ्याला टॉर्च (ठोकळ्याला वीज मिळाली की विझणारी). डस्ट विझली की टॉर्च पेटते. सहाव्या डस्टला नुसता रिपीटर. दोघांची तोंडं एकाच लांब तारेत सोड, आणि तिन्ही फळांच्या चुका त्याच तारेत येऊ देत. तार पेटलेली आहे तोवर कुठलं तरी फळ चुकलेलं आहे. ती विझली म्हणजे सगळी बरोबर.

यातली खरी मजा पुढे आहे. स्टिकी पिस्टनला (ठोकळा ढकलून परत ओढणाऱ्या दट्ट्याला) वीज मिळाली की तो पुढे येतो, म्हणजे दार बंद. ती चुकांची तार थेट चार पिस्टनना दे, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, समोरासमोर. मध्ये एकही गेट लागत नाही. मी डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. डी मॉर्गनचा नियम मुलं वहीत उतरवून घेतात, पण ‘सगळे बरोबर’ आणि ‘एकही चूक नाही’ हे एकच आहे हे त्यांच्या हाताला कळत नाही. हा गणिती डी मॉर्गन १८०६ साली आपल्याच मदुराईत जन्मला. त्याचा नियम अशा भिंतीत जागा वाचवताना बघितला की मला फार आनंद होतो.

तीन फळांच्या डस्टच्या पट्ट्यांमध्ये एकेक ठोकळा मोकळा ठेव, नाहीतर डस्ट शेजारच्या डस्टला चिकटते. तार १५ ठोकळ्यांच्या पुढे गेली तर मध्ये रिपीटर घाल. आणि एका फळाचा आकडा ८ ठेवलास तर त्याला फक्त आठवी डस्ट तपासावी लागते, नववीचा प्रश्नच नाही.

चिरेबंदी

बाय, सर्किटातलं मला थोडंच कळतं, पण घराचं सांगते. मखराच्या पाठीमागून ये-जा ठेवू नकोस. देव बसलेला असताना त्याच्या आसनातून वाट काढणं बरं दिसत नाही, खेळातसुद्धा. बाजूच्या भिंतीला दिवे आणि समया ठेवायला एक ठोकळा खोल कोनाडा कर, दार त्या कोनाड्याच्या पाठीत ठेव. सरकणारे ठोकळे पुढच्या भिंतीच्या मागे जातील. भिंतीशी अगदी सपाट दार करायला ते आधी मागे आणि मग बाजूला न्यावं लागतं, तेवढे पिस्टन वाढतात. कोनाडा जुन्या घरात शोभतो आणि कुणी संशयही घेत नाही.

केरीकार

चिरेबंदीताई, पटलं, कोनाडाच करते. मास्तर, एका फळावर जोडून बघितलं, नेमक्या पाचलाच तार विझते! पण आत गेल्यावर दार लावायचं कसं? आणि फळं तशीच राहिली तर मागून येणाऱ्याला उत्तर आयतंच दिसेल.

डिचोलीचो_रेडस्टोन

कॉपर बल्ब वापर, २०२४ च्या १.२१ मध्येच आलाय. दर नव्या सिग्नलला तो पेटलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर पेटतो, आणि मधल्या काळात आहे तसाच राहतो. चुकांची तार पिस्टनना न देता एका ठोकळ्यात ने, त्याला टॉर्च लाव, टॉर्चला लागून बल्ब. सगळी फळं जुळली की टॉर्च पेटेल आणि बल्ब लागेल. बल्बमागच्या कंपॅरेटरला १५ मिळतो. तो एका टॉर्चने उलटवून पिस्टनना दे. आतल्या बटणाची तारही त्याच बल्बला आण.

आता फळं जुळलेल्या जागी आहेत तोवर बल्बला सिग्नल चालूच असतो, म्हणून आतलं बटण दाबून काही होत नाही. म्हणजे आत जाऊन दार लावायचं असेल तर आधी एखादं फळ फिरवावंच लागतं. उत्तर आपोआप पुसलं जातं. बाहेर पडताना बटणाने उघड, बाहेर येऊन फळं जुळवून बंद कर आणि लगेच परत फिरव. आणि आत असताना कुणी फळांशी खेळलं तरी तू कोंडली जात नाहीस.

वायरमास्तर, फोंडा

बल्बची कल्पना उत्तम. पण बल्ब लावल्यावर एक गोष्ट सांभाळावी लागेल. बाकीची दोन जुळलेली असताना ५ वर जुळणारं फळ ८ वरून १ वर गेलं, तर सहाव्या डस्टचा रिपीटर एका टिकात (टिक म्हणजे इथे सेकंदाचा दहावा भाग) विझतो आणि पाचव्याची टॉर्च पेटायला रिपीटर धरून दोन टिक लागतात. मधल्या एका टिकात चुकांची तार विझू शकते आणि बल्ब उगाच उलटू शकतो. सहाव्या डस्टचा रिपीटर तीन टिकांवर ठेव, म्हणजे टॉर्च पेटल्यावरच तो सोडेल. पिस्टन थेट जोडलेले असताना हे फारसं जाणवत नाही, बल्ब मात्र तेवढ्यानेही बदलतो.

तीन फळं, बल्ब आणि बटण जुळलं की एकेक फळ ८ वरून १ वर नेऊन तपास. दार हललं नाही तर भिंत बुजवायला हरकत नाही.