'ही सेड ही वॉज इल' : तो आजारी आहे की होता?

प्रश्न : इंग्रजी बातमीत 'द मिनिस्टर सेड द गव्हर्नमेंट वॉज कन्सिडरिंग द डिमांड' असं वाक्य आहे. 'सरकार मागणीचा विचार करत होते, असे मंत्री म्हणाले' हे भाषांतर बरोबर आहे का?

प्रतिसाद : बहुतेक वेळा नाही. मंत्री 'विचार करत आहे' असंच म्हणाले असणार. 'सेड' भूतकाळी, म्हणून इंग्रजीत पोटवाक्यही एक पायरी मागे सरकतं : 'इज'चं 'वॉज', 'विल'चं 'वुड', 'कॅन'चं 'कुड'. मराठीत बोलणाऱ्याचा काळ तसाच राहतो. 'करत होते' छापलंत, तर वाचकाला वाटेल की विचार केव्हाच गुंडाळला! भाषांतरित बातम्यांत हे इतकं दिसतं, की आता कुणाला खटकतही नाही.

प्रश्न : मग ते खरोखरच 'करत होते' म्हणाले असतील तर?

प्रतिसाद : तर सहसा 'हॅड बीन कन्सिडरिंग' येतं. पण इथे इंग्रजीचीच पंचाईत होते. 'मी जेवलो', 'मी जेवलो आहे', 'मी जेवलो होतो' हे तिन्ही 'ही सेड ही हॅड ईटन'मध्ये जाऊन बसतात. मराठीत आणताना मागचापुढचा संदर्भ बघूनच ठरवावं लागतं. त्यातून साल दिलेलं असलं की 'हॅड' बहुधा लागतच नाही. 'शी सेड शी वॉज बॉर्न इन १९८५' हेच सहज इंग्रजी. शाळेतला तक्ता घोकलेल्यांना मात्र तिथे 'हॅड बीन बॉर्न' लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

आणखी एक : सार्वकालिक सत्य असेल तर काळ बदलायचाच नाही, असं आम्हाला शिकवलं होतं.

प्रतिसाद : बदलला नाही तरी चालतो, एवढंच. 'ही सेड द अर्थ वॉज राउंड' व्याकरणाने चूक नाही. आणि ही सूट फक्त पृथ्वी-सूर्यापुरती नाही. काल म्हणालेला माणूस आजही आजारी असेल, तर 'ही सेड ही इज इल' चालतं. तो अजून बरा झालेला नाही, हे सांगणाराही त्यातून सुचवतो. 'सेज' असेल तर प्रश्नच मिटला, काळ हलतच नाही.

प्रश्न : आणि 'मस्ट'?

प्रतिसाद : सक्ती सांगायची असेल तर 'हॅड टू' करतात, पण 'मस्ट' तसंच ठेवलं तरी चालतं. 'ही मस्ट बी टायर्ड'सारखा अंदाज असेल तर 'मस्ट'च ठेवा. 'शुड' आणि 'माइट' यांना हात लावू नका.