आमवात : पेशींना ‘शिकवून’ बरा करतात म्हणे, कुणाला अनुभव?

सांगलीची_सुगरण
९ वर्षं आमवात आहे, अँटी-सीसीपी (आमवाताची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह. दर रविवारी आमवाताची गोळी मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, सोमवारी फॉलिक अ‍ॅसिड. सकाळी तासभर मूठ वळत नाही. भाकरी थापणं कधीच सुटलं, आता पोळ्याही नवरा लाटतो (नकाशे होतात, पण खातो आम्ही).

परवा जावेने एक जाहिरात पाठवली. आपल्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, त्यांना शिकवून परत सोडायच्या, मग गोळ्या कायमच्या बंद. ३ लाख. इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय म्हणतात. खरं आहे का हो?

टाइनकाठचा
ताई, मी इंग्लंडमध्ये न्यूकॅसललाच असतो. पेशी शिकवतात एवढं खरं आहे. ‘सिद्ध झालंय’ हे त्यांनी पदरचं घातलंय.

आपला कोण, परका कोण हे टी-पेशींना (शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींना) दाखवायचं काम डेंड्रायटिक पेशी करतात. इथल्या विद्यापीठात रुग्णाच्या रक्तातून त्या तयार केल्या, डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) आणि ड जीवनसत्त्व देऊन त्यांना शांत केलं. कशाला परकं मानायचं नाही हे कळावं म्हणून त्याच रुग्णाच्या गुडघ्यातलं पाणी त्यांना दाखवलं. मग दुर्बिणीतून सुजलेल्या गुडघ्यात सोडल्या. डोस १० लाख, ३० लाख आणि १ कोटी पेशी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण रुग्ण मोजून डझनभर!

निकाल २०१७ मध्ये छापून आला. उपचार सुरक्षित वाटला. सगळ्यात मोठ्या डोसच्या दोघांच्या गुडघ्याचा त्रास स्थिरावला, बाकी शरीरावर परिणाम दिसला नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनलाही अशीच छोटी चाचणी झाली, तिचा निकाल २०१५ मध्ये छापून आला; तिथे इंजेक्शन त्वचेत दिलं होतं. गोळ्या कायमच्या बंद होतात, असं दोन्हीकडे कुणी दाखवलेलं नाही.

मेथीची_जुडी
ट्रायल असेल तर त्या जाहिरातवाल्यांकडे सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. आणि प्रायोगिक उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात.

मेथो मनाने थांबवू नका. मी एका तेलाच्या नादाने थांबवली होती. दीड महिन्यात दोन्ही मनगटं अशी सुजली की नळ कोपराने उघडायचे.

सांगलीची_सुगरण
केला फोन. क्रमांक विचारला तर म्हणाले, ‘मॅडम, ते आतल्या कामाचं असतं, तुम्ही आधी ५ हजार भरून नाव नोंदवा.’

जावेला सांगितलं. ती रुसलीय.