मदत हवी आहे: सायाळीनं मोसंबीची साल गोल कुरतडली, पानं मात्र हिरवीगार

राम राम मंडळी. अंबड तालुक्यात (जि. जालना) आमची मोसंबी आहे, जांभेरी खुंटावरची (म्हणजे मुळं जांभेरी लिंबाची, वर मोसंबीचं कलम). बांधाकडच्या काही झाडांची साल सायाळीनं बुंध्याशी चहूबाजूंनी कुरतडली, वीतभर लाकूड उघडं पडलंय. तरी पानं कोमेजली नाहीत, फळंही धरून आहेत. जखमेच्या वरच्या काठाला साल फुगलीय, खालचा काठ जसाच्या तसा.

वडील म्हणतात, "झाड हिरवं हाय ना, मग काय होत नाही." पुतणी लातूरला नीटची तयारी करते. ती म्हणते, पाणी लाकडातून चढतं, साखर सालीतून उतरते, आता मुळं उपाशी मरणार. वर हेही सांगते की साखर नेणाऱ्या पेशीला केंद्रकच नसतं. मग ती जिवंत कशी? आणि नुसती नळीच असेल, तर मध्ये दुसरी नळी जोडून भागणार नाही का? (हसू नका, ठिबक जोडून जोडून डोकं तसंच चालतं.)

प्रतिसाद, परभणीचा मास्तर:
पुतणीचं बरोबर आहे. सालीतून साखर नेणारी नळी म्हणजे चाळणी नलिका, तिच्या पेशींच्या टोकाच्या भिंतीला चाळणीसारखी छिद्रं असतात. ही पेशी जिवंतच असते. रसाला वाट मोकळी व्हावी म्हणून ती तयार होताना केंद्रक गमावते. तिला जगवते शेजारची सहपेशी. दोघी एकाच पेशीच्या विभाजनातून झालेल्या, मधल्या भिंतीत बारीक छिद्रं, त्यातून प्रथिनं मिळत राहतात. बऱ्याच पिकांत पानातली साखर भरायचं कामही सहपेशीच करते: ऊर्जा खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते, ते आत परतताना सुक्रोज सोबत आणतात. साखर दाटली की लाकडातल्या जलवाहिनीतलं पाणी आत शिरतं आणि दाब वाढतो. मुळाशी, फळाशी साखर काढून घेतली जाते, तिथं दाब कमी. या फरकावर रस वाहतो, हे जर्मनीच्या एर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये मांडलं.

तुमची नळी चालणार नाही. चाळणीला इजा झाली की तिची छिद्रं कॅलोज नावाच्या पदार्थानं बुजतात. शिवाय सहपेशी कुठून आणणार?

वरचा फुगवटा म्हणजे अडलेली साखर. द्राक्षवाले मणी फुगावेत म्हणून मुद्दाम सालीचं वलय काढतात, पण ते अगदी अरुंद, लवकर भरून येतं. वीतभर जखम तशी भरत नाही. मुळं सध्या साठवलेल्या स्टार्चवर तगून आहेत. ते सरलं की पाणी ओढणं थांबेल, मग हिरवं झाड बघता बघता वाळेल.

धागाकर्ता:
मग आता काय करू? झाडं काढायची का?

प्रतिसाद, परभणीचा मास्तर:
एवढ्यात नको. बुंध्याजवळ जांभेरीची दोन-तीन रोपं लावा. त्यांचे शेंडे तिरके तासून जखमेच्या वरच्या सालीखाली बसवा आणि घट्ट बांधा. सालीखालचा ओला थर एकमेकांना भिडला पाहिजे, तरच नवी वाट तयार होते. साल सहज सुटते तेव्हाच हे जमतं. त्याआधी प्रत्येक झाड नीट बघा. बोटभर रुंद सालीची पट्टी वरपासून खालपर्यंत सलग राहिली असेल, तर त्या झाडाची आशा बरीच आहे. आणि बांधाला जाळी मारा, सायाळ परत येते.