मदत हवी आहे: मॉसफेट चटका बसेल इतका तापतोय आणि पंप बंद केला की बोर्ड रीस्टार्ट होतोय

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअरवाली. अकरा वर्षं बॅकएंडचं काम करतेय आणि इलेक्ट्रिकलचं पुस्तक शेवटचं उघडलं ते इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी, तेही पेपरच्या आदल्या रात्री. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

गणपतीत आम्ही आठ दिवस गावी जातो आणि दरवर्षी परत येईपर्यंत गॅलरीतली दोन-तीन झाडं गेलेली असतात (वर पत्रा आहे, पाऊस कुंड्यांपर्यंत पोचत नाही). आई म्हणते बादलीत सुती चिंधी बुडव, दुसरं टोक कुंडीत खोच, झालं काम. बरोबर आहे तिचं, पण मला आता या प्रकाराची चटक लागलीय.

तर सेटअप असा: ईएसपी३२चा बोर्ड (वायफायवाली छोटी प्रोग्रॅम करता येणारी चिप), मातीतला ओलावा मोजायचा कपॅसिटिव्ह सेन्सर, पाण्यात बुडवायचा १२ व्होल्टचा छोटा पंप, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर आणि त्याच्यावरूनच बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) लावून बोर्डला ५ व्होल्ट. पंप चालू-बंद करायला आयआरएफझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच; गेटला व्होल्टेज दिलं की ड्रेन-सोर्समधून करंट जातो), सोर्स ग्राउंडला, ड्रेन पंपाच्या मायनसला, गेट थेट बोर्डच्या २६ नंबर पिनला. सगळं ब्रेडबोर्डवर. सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणलं, दुकानात विचारलं कुठला मॉसफेट देऊ तर मी म्हटलं सगळे नेतात तो द्या.

सेन्सरने आधीच दोन संध्याकाळी खाल्ल्या. एकटा चालवला की रीडिंग छान, वायफाय जोडलं की कचरा. मी आपली थ्रेड, टायमिंग, लायब्ररीचं व्हर्जन सगळं धुंडाळत बसले आणि शेवटी कळलं की या चिपमध्ये एडीसी२च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना वायफाय चालू असताना वापरताच येत नाहीत, सेन्सर होता २५ नंबरवर. ३४वर नेला, एका मिनिटात प्रश्न संपला. कोडची एक ओळ चुकीची नव्हती हो!

आता खरा प्रश्न. पंप चालू केला तर चालतो, पण मरगळल्यासारखा. मॉसफेट अर्ध्या मिनिटात इतका तापतो की बोट ठेववत नाही. आणि पंप बंद केला की बऱ्याचदा बोर्ड रीस्टार्ट होतो, सिरियल मॉनिटरवर कधीकधी ब्राउनआउटचा (व्होल्टेज फार खाली गेल्याचा) मेसेज. मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) गेटचा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलंय, माझी पिन ३.३ देते, म्हणजे चालायला हवं ना? पंप चालू असताना मल्टिमीटरने मोजलं तर पंपावर ८.६ व्होल्ट, ड्रेन-सोर्समध्ये ३.४, करंट साधारण ०.४५ अँपिअर. मॉसफेट खराब निघाला का? दुसरा लावून पाहिला, तोही तसाच. गणपतीला तीन आठवडे राहिलेत.

तांब्याची_तार:
मॉसफेट ठणठणीत आहे, तू डेटाशीट कोडसारखी वाचलीस. थ्रेशोल्ड म्हणजे "इथे स्विच चालू होतो" असं नाही, तिथे जेमतेम पाव मिलीअँपिअर झिरपायला लागतो एवढंच. खाली रेझिस्टन्सची ओळ बघ, १७.५ मिलीओहम लिहिलंय आणि शेजारी गेटला १० व्होल्ट अशी अट आहे. ती अट सगळेच गाळून वाचतात. तुझा मॉसफेट अर्धवट उघडलाय, राहिलेले ३.४ व्होल्ट तोच खातोय. ३.४ गुणिले ०.४५, दीड वॉट. हीटसिंक नसेल तर या पॅकेजला दर वॉटला ६२ अंश, म्हणजे आतलं तापमान खोलीपेक्षा ९५ अंशांनी वर. चटका बसणारच.

आयआरएलझेड४४एन घे, मधलं एल महत्त्वाचं, लॉजिक लेव्हल, म्हणजे बोर्डच्या पिनेच्या कमी व्होल्टेजवर चालणारा. त्याचा रेझिस्टन्स ४ व्होल्टलासुद्धा दिलाय, ३.३वर तुझ्या पंपापुरता आरामात चालेल. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर टाक, नाहीतर बोर्ड बूट होताना पंप मनाने चालू होईल.

रीस्टार्टचं कारण वेगळं. मोटर म्हणजे कॉइल, करंट अचानक तोडला की ती उलटा व्होल्टेजचा झटका मारते. पंपाच्या दोन वायरींमध्ये १एन४००७ डायोड लाव, पट्टीची बाजू प्लसला. उलटा लावलास तर सरळ शॉर्ट होईल, दोनदा बघून मग अडॅप्टर लाव. आणि पंपाचा ग्राउंड ब्रेडबोर्डमधून फिरवू नकोस, थेट अडॅप्टरपर्यंत जाड वायर ने.

शंकासुर:
बोर्डच्या ५ व्होल्टवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पण टाका. वायफाय पाठवताना ईएसपी३२ एकदम करंट ओढतो आणि बारक्या जंपर वायरींना ते झेपत नाही.

धागाकर्ती:
शनिवारी परत तपकीर गल्ली. या वेळी नाव चिठ्ठीवर लिहून नेलं, तरी दुकानदाराने आधी जुना आयआरएफझेड४४एनच पुढे केला, मी अक्षरं वाचून परत दिला (भारी वाटलं). आता ड्रेन-सोर्समध्ये ०.०३ व्होल्ट, मॉसफेट गार, पंपाला पूर्ण १२ मिळतायत. डायोड आणि कपॅसिटर लावल्यापासून दोन दिवसांत एकही रीस्टार्ट नाही. तार आणि शंकासुर, दोघांचे खूप आभार.

नवीन भानगड: पंप बंद झाला तरी पाणी चालूच! तासभर कोड वाचला, पिन मोजली, शून्य व्होल्ट. मग आईने दाखवलं की बादली स्टुलावर आहे आणि कुंड्या खाली, नळी आपली सायफनसारखी बादली रिकामी करतेय. बादली खाली जमिनीवर ठेवली.