बंद घराचं पुढचं दार आणि खोबरेल

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं मार्चपर्यंत कोल्हापुरात, अमेरिकेतलं मिनियापोलिसचं घर बंद. काल शेजाऱ्यानं फोटो पाठवला, पुढच्या दाराला आतनं कडेकडेनं पांढरं हिमकण धरलंय, आणि कुलूप पण घट्ट फिरतंय म्हणतो. इथं मंगळवार पेठेतल्या आमच्या सुताराला फोटो दाखवला तर तो म्हणाला दार फुगलंय, कडेला रंधा मारा आणि कुलपात खोबरेल सोडा. आमचं वाड्याचं सागवानी दार जुलैत खांदा लावल्याशिवाय लागत नाही, त्यामुळं त्याचं बरोबर असेल, पण तिकडं उणे २० चाललंय. काय करू सांगा की.

काका, कोल्हापूर

---

काका, रंधा नको, अजिबात नको!!

पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगतं. मिनियापोलिसच्या हिवाळ्यात उलटं, बाहेरची गार हवा आत येऊन तापली की एकदम कोरडी होते आणि लाकूड आक्रसतं. शिवाय तुमचं दार स्टीलचं ना? मग रंधा मारणार कशाला. हिमकण धरलंय म्हणजे आतली दमट हवा फटीतून निसटतेय आणि जाता जाता गार कडेवर गोठतेय, म्हणजे फट बुजवायची आणि आतला दमटपणा कमी करायचा. फर्नेसला, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीला, लावलेला ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) चालूच राहिला नाही ना? एवढ्या थंडीत आतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास पुरे. हीटर मात्र बंद करू नका, १३ अंशांवर तरी राहू दे नाहीतर पाइप फुटतील आणि दार राहील बाजूला.

फट शोधायला शेजाऱ्याला सांगा, कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायचं, अलगद निघाली तर तिथली वेदरस्ट्रिप, म्हणजे कडेची वारा अडवणारी पट्टी, गेलीय. स्टीलच्या दाराला बहुतेक चुंबकाची असते, फ्रिजच्या दाराला असते तशीच, नवीन खाचेत दाबून बसवता येते. खालून वारा येत असेल तर उंबऱ्याच्या पट्टीला स्क्रू असतात बघा, ते फिरवले की पट्टी वर येते, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

ताई

---

ताईंनी सगळं सांगितलंच, मी फक्त कुलपाचं बोलतो. काका, खोबरेल तेल २४ अंशाखाली थिजतं!! डिसेंबरात आपल्याकडं बाटली उन्हात ठेवायला लागते ना, मग उणे २० ला त्या कुलपात काय होईल. ग्रॅफाइटची पूड टाकायला सांगा. गोठलंच असेल तर डी-आयसर, म्हणजे बर्फ वितळवणारं औषध, मारायचा, त्यात अल्कोहोल असतं. गरम पाणी ओतू नका म्हणावं, दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग तेच पाणी आत गोठून बसतं. आणि डी-आयसरची बाटली घरात ठेवायची नाही हां, दार उघडत नाही तेव्हाच ती लागते 😄

पायरीवर मीठ टाकत असतील तर उंबऱ्यापासून लांब टाका, पट्टी गंजते. आणि साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही, तिथं कॅल्शियम क्लोराइड लागतं.

रात्री आत दिवा लावून बाहेरून बघितलं तरी फट दिसते. अंबाबाईच्या महाद्वारातून सूर्याची किरणं आत आली की आपण हात जोडतो, तुमच्या दारातून उजेड बाहेर आला तर पट्टी बदलायची. ३१ जानेवारीला किरणोत्सव बघायला जाणार असाल तर फोटो टाका.

शिवाजी पेठ, हल्ली सेंट पॉल

---

ह्युमिडिफायर चालूच आहे ताई, हिनं सांगितलं, झाडांसाठी ठेवला होता म्हणे. झाडं तर कधीच शेजाऱ्याकडं दिली.

चावी त्याच्याकडंच आहे. तो बिचारा फर्नेसजवळ उभा राहून फोन करतो आणि मला इथनं कुठलं बटण ते सांगता येत नाही, तुमच्याकडं तसलाच असेल तर फोटोवर बाण काढून पाठवा. सुताराला लाकडाचं वाचून दाखवलं, तो म्हणतो म्हणूनच जुलैत रंधा मारलेल्या दारांना एप्रिलात फट पडते, आणि मग लोक त्यालाच बोलावतात पट्टी ठोकायला. दोन्हीचे पैसे घेतो.

काका

---

बाण काढून पाठवलाय काका, नॉब शून्यावर आणि पाण्याचा व्हॉल्व्हपण बंद करायला सांगा. वेदरस्ट्रिप घेताना जुनीचा तुकडा कापून दुकानात न्यायचा, खाचेचे प्रकार वेगवेगळे असतात.

ताई