शिडाच्या बोटीवर संडास: हापशाचा ठेवावा की बटणाचा बसवावा? (सल्ला हवा)

हँबलकर

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, जेवताना धागा उघडू नका.

मागच्या वर्षी आम्ही एक जुनी ३२ फुटी शिडाची बोट घेतली. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ हँबल नदीत असते, सध्या थंडीमुळे पाण्याबाहेर टेकूंवर उभी आहे, एप्रिलात पाण्यात जाईल. तिच्यावरचा एकुलता एक संडास हापशाचा आहे. भांड्याशेजारी दांडा, तो वरखाली केला की समुद्राचे पाणी आत येते. मग खटका फिरवायचा आणि कोरडे हापसत राहायचे. मोसम संपता संपता दांडा भलताच जड झाला, बाहेर ढकललेले पाणी हळूहळू भांड्यात परत येऊ लागले आणि पुढच्या केबिनमध्ये वास बसला तो बसलाच.

आता खरी अडचण. जुलैत आई-बाबा पुण्याहून दोन महिन्यांसाठी येताहेत. आईचा उजवा खांदा आखडलाय, हात डोक्यापर्यंत जात नाही. पंचवीस वेळा दांडा मारणे तिला जमणार नाही, आणि 'तू जा, मी हापसतो' हे तिला मेल्याहून मेल्यासारखे होईल. ती सरळ दिवसभर पाणीच पिणार नाही. बायको म्हणते बटणाचा, म्हणजे विजेच्या मोटरचा, बसव आणि विषय संपव. मला भीती बॅटरीची (११० अँपिअर-तासांच्या दोन आहेत) आणि भर समुद्रात बंद पडण्याची. हापशाचा नवा अख्खा संच इथे दोनेकशे पौंडांत मिळतो, बटणाचा तिप्पट-चौपट. जाणकारांनी सांगावे.

मांडवा_ते_गेटवे

आमच्या सीबर्डवर (छोटी शिडाची बोट) बादली आहे. सुटा भाग एकच, तो म्हणजे दोरी.

(अवांतर: गंमत केली, पण गेटवेसमोरून मांडव्याला जाऊन येण्यापलीकडे आमची मजल नाही. आईंना बादली सुचवू नका. वाचतोय.)

निवृत्त_चीफ

मी मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात होतो, आता रत्नागिरीत असतो. मोठ्या जहाजांवर व्हॅक्यूमचे संडास असतात, तो कारभार वेगळा, पण पाइप तुंबायची कारणे सगळीकडे तीच.

आधी निदान. पाणी परत येते म्हणजे भांड्यामागचा जोकर व्हॉल्व्ह गेला. रबराची चोच असते, ती कडक झाली किंवा तिच्यात काही अडकले की मिटत नाही. स्वस्तातला भाग आहे, दरवर्षी बदलायचा. दांडा जड होण्याला मात्र दोन कारणे असू शकतात. पिस्टनचे रबर कोरडे पडले असेल, तर थोडे खाद्यतेल ओतून दोन दिवस बरे वाटते. तेल घालूनही जड असेल तर घाण बाहेर नेणारी होज (जाड नळी) आतून चुनखडीने भरली आहे. लघवी आणि समुद्राचे पाणी एकत्र आले की कॅल्शियमचे थर धरतात, किटलीत धरतात तसेच, फक्त फार लवकर. ३८ मिलिमीटरच्या होजमध्ये एका मीटरला सव्वा लिटरपेक्षा थोडा कमी माल राहतो. तुमची होज तीन मीटर असेल तर साडेतीन लिटर हापसल्याशिवाय घाण बोटीबाहेर जातच नाही. लोक भांडे रिकामे दिसले की थांबतात, आणि उरलेले होजमध्ये मुरते.

वासाचेही तेच. गरम पाण्यात पिळलेले फडके होजला गुंडाळा, थंड झाले की काढून हुंगा. फडक्याला वास आला तर होजच झिरपते आहे, अगरबत्ती लावून काही होणार नाही. आणि आठवड्याने बोटीवर आल्यावर पहिल्यांदा पाणी ओढताच सडक्या अंड्याचा वास येत असेल, तर तो तुमचा नव्हे. पाणी आत घेणाऱ्या नळीत साचलेल्या समुद्राच्या पाण्यातले बारीक जीव मरतात, त्यांचा तो. निघताना भांड्यात गोडे पाणी फिरवले तर बाहेरची होज धुतली जाते, पण ही आत येणारी नळी तशीच राहते. तीसुद्धा गोड्या पाण्याने भरून ठेवायला हवी.

म्हणजे हापसा की बटण हा प्रश्न नंतरचा. जुन्या होजवर नवी मोटर बसवाल तर पैसे पाण्यात, शब्दशः.

आता बॅटरी. मोटर २० अँपिअर ओढते असे धरा आणि बटण अर्धा मिनिट दाबले. होतात ०.१७ अँपिअर-तास. चौघे मिळून दिवसात वीसदा गेले तरी साडेतीनच्या आत. तुमचा फ्रीज दिवसाला तीस-चाळीस खात असेल, त्याला कोणी काही बोलत नाही. भीती बॅटरीची नको, वायरीची धरा. बॅटरीपासून संडास सहा मीटर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर तांबे. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर वाटेतच एक व्होल्ट जातो, मोटर रडते आणि तापते. दहाची टाकली तर ०.४. कल्हई केलेली तांब्याची वायर घ्या, आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, संडासात नव्हे.

सुकाणूवाली

आमचा बटणाचा आहे, सहा वर्षे झाली. बोट अमेरिकेत कनेक्टिकटला असते. चीफसाहेबांशी पूर्ण सहमत, तरी दोन गोष्टी भर घालते.

एक, आवाज. मोटरवरची पंख्यासारखी पाती सगळे भरडून बाहेर ढकलतात. रात्री दोनला कोणी बटण दाबले की मिक्सरमध्ये ओले खोबरे वाटल्यासारखा आवाज अख्ख्या बोटीभर. शांत म्हणून विकली जाणारी मॉडेल्स असतात, ती खरेच कमी ओरडतात, पण पैसे जास्त.

दुसरी, पाहुणे. मागे एका मैत्रिणीने ओला टिश्यू टाकला, पाकिटावर 'फ्लश करता येतो' असे लिहिले होते म्हणे. पात्यांना त्याची दोरी वळली गेली, फ्यूज उडाला, आणि नांगर टाकलेल्या जागी मी शनिवारची संध्याकाळ हातमोजे घालून काढली. हापशाचा असता तर दांडा अडकल्याचे हाताला कळले असते आणि ती तिथेच थांबली असती. मोटरला हात नसतो. तेव्हापासून नियम असा की कागदसुद्धा भांड्यात नाही, झाकणाच्या डब्यात. आपल्या माणसांना हा नियम सोपा जातो, कारण आपण पाणी वापरतो. बोटीच्या संडासात ओढून घ्यायचा शॉवर असतोच, तोच जेट समजा. काकूंना आवडेल. फक्त ते पाणी साठवण टाकीत (संडासाची घाण साठते ती) जमा होते हे लक्षात ठेवा.

टाकी किती लिटरची आहे तुमची? इकडे किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेले काहीही सोडता येत नाही, आमच्या किनाऱ्यालगतच्या लाँग आयलंड साउंडमध्ये तर प्रक्रिया केलेलेही नाही. बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बंद करून बांधून ठेवावा लागतो.

हँबलकर

चीफ काका, ताई, दंडवत! टाकी ४० लिटरची आहे. इथे खासगी बोटींना सरसकट बंदी नाही, पण नदीत आणि मरिनात (बोटी बांधायच्या बंदरात) सोडणे बरे दिसत नाही, आम्हीही सोडत नाही. एका वेळी तीन लिटर धरले तर तेरा वेळांत टाकी भरेल. चौघांत एक दिवस जेमतेम.

एक शंका. वास समुद्राच्या पाण्याचा असेल तर पिण्याच्या टाकीची नळीच संडासाला जोडली तर? म्हणजे चुनखडीही नाही, वासही नाही.

निवृत्त_चीफ

नको नको नको. समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेल्या संडासाला पिण्याच्या पाण्याची लाइन थेट कधीही जोडू नये. पंपातले रबर गळले की भांड्यातले पाणी उलट तुमच्या चहात येईल. गोड्या पाण्याचे मॉडेल वेगळे असते, त्यात विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह आणि उलटा प्रवाह तोडणारी सोय बनवतानाच असते. घ्यायचे तर तसेच घ्या, आणि मग पिण्याची टाकी पुरेल का तेही पाहा.

दुसरे, कोणी विचारले नाही म्हणून मीच सांगतो. भांड्याची कड पाण्याच्या पातळीखाली आहे का? बोट एका बाजूला कलल्यावर तर नक्की जाईल. अशा वेळी दोन्ही होज कललेल्या पातळीच्याही वर कमानीत नेऊन माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह हवा. तो नसला, किंवा मिठाने चिकटला, तर सायफन सुरू होतो आणि समुद्र संडासातून आत येतो. बोटी अशा धक्क्याला बांधलेल्या बुडाल्या आहेत. व्हॉल्व्ह वर्षातून एकदा कोमट पाण्यात धुवा. बोट सोडून जाताना बुडातले सीकॉक (होजच्या तोंडावरचे नळ) बंद. हापसा असो, बटण असो, यात सवलत नाही.

बाल्टिककर

तिसरा पर्याय कोणी सांगेना म्हणून लिहितो: लव्हॅक. हापशाचाच, पण पिस्टन नाही, पडद्याचा मोठा पंप आहे. बैठक आणि झाकण दोन्हींना रबरी कड असते. झाकण लावून हापसले की भांड्यात निर्वात तयार होतो आणि तोच बाहेरून पाणी ओढून आणतो. खटका नाही, भांड्याजवळ फिरणारा एकही भाग नाही. हापसून झाल्यावर झाकण काही वेळ चिकटून राहते, नवख्यांना वाटते मोडले. पंप भांड्यापासून लांबही बसवता येतो, आईंना हात सहज पोचेल अशा उंचीवर. माझा जुन्या बोटीबरोबर आला, मी फक्त रबरे बदलली.

स्टॉकहोमला असतो. स्वीडनमध्ये १ एप्रिल २०१५ पासून करमणुकीच्या बोटींतून संडासाचे पाणी सोडायला बंदी आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळे टाकीतच. टाकीच्या हवेची नळी जाड ठेवा. आत हवा खेळली तर वास खूप कमी होतो.

भुसा_आणि_दोरी

पाणीच कशाला? लघवी वेगळी करणारा कोरडा संडास बघा. खाली कोकोपीट, म्हणजे आपल्या नारळाच्या काथ्याचा भुसा. बुडाला भोके नाहीत, होज नाही, मोटर नाही. लघवीचा डबा मात्र रोज ओतावा लागतो.

निवृत्त_चीफ

दोघे नवराबायको असतील तर ठीक. सासू-सासरे, आई-वडील आल्यावर सकाळी डबा घेऊन पॉन्टूनवरून (तरंगत्या धक्क्यावरून) कोण चालणार? शिवाय पाणी वापरणाऱ्यांचे काय? भुसा ओला झाला की सगळे गणित बिघडते.

भुसा_आणि_दोरी

मुद्दा मान्य. आम्ही दोघेच आहोत.

हँबलकर

दीड महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल माफी. मागच्या शनिवार-रविवारी बाहेर जाणारी होज काढली. दोन ठिकाणी कोपऱ्यात इतकी चुनखडी होती की करंगळी कशीबशी गेली. धक्क्यावर आपटली तर आतून अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे पडले. फडक्याची परीक्षाही केली, निकाल लिहीत नाही.

ठरले असे. दोन्ही होज नव्या, कमानीचे व्हॉल्व्ह नवे. कप्पे उघडेच होते म्हणून दहा चौरस मिलिमीटरची वायर ओढून घेतली. लव्हॅकवर फार जीव आला होता, पण आमच्या मोरीएवढ्या जागेत झाकण भिंतीला लागते, पूर्ण उघडत नाही. शेवटी जाब्स्को कंपनीचा बदली संच घेतला, भांडे तेच राहते आणि हापशाच्या जागी मोटर येते. अख्ख्या नव्या संडासापेक्षा स्वस्त पडला. जुन्या पंपाची रबरे बदलून तो पिशवीत बांधून ठेवलाय, मोटर गेलीच तर परत लावायला. समुद्राचेच पाणी ठेवलेय. कागदाचा डबा आणि मराठीत पाटी, दोन्ही लावले. सहलीचे बेतही बदललेत, रोज टाकी रिकामी करता येईल अशा ठिकाणी मुक्काम.

काल व्हिडिओ कॉलवर आईला सगळे दाखवले. बटण दाबून, आवाज ऐकवून, वायर किती जाड आहे तेही. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "दाराला आतून कडी आहे ना?"

नाहीये. नुसता चुंबक आहे. कडी कोणती घ्यावी?

निवृत्त_चीफ

पितळेची. आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी घ्या, खांदा धरला तर दार तोडायला नको.